फाडफाड इंग्रजी आणि मूकपणाचा प्रश्न

मराठीत थोबाडीत 'फाडकन' बसते आणि इंग्रजी 'फाडफाड' बोलले जाते. मराठी कोणी फाडफाड बोलत नाही. मराठी माणूस घडाघडा बोलतो, अस्खलित बोलतो, फार तर तोंडाचा पट्टा सोडतो. इंग्रजीसाठी मात्र आपल्या समाजाने मारहाणीच्या जवळचा शब्द राखून ठेवला आहे. हा शब्द ज्याने प्रथम वापरला तो इंग्रजी बोलणारा नसावा. ज्याच्या अंगावर ते इंग्रजी येऊन आदळत होते असा कोणी असावा, असे मला वाटते. आज हाच शब्द शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर आमिष म्हणून रंगवला जातो. कालपर्यंत ज्याचा मार खाल्ला ते हत्यार तीस दिवसांत तुमच्या हाती देतो, असा त्या पाटीचा अर्थ. ही पाटी, तिच्यामागचा विचार आणि आपल्या चित्रपटांत व साहित्यात उमटलेली तिची रूपे तपासून पाहावीत असे बरेच दिवस मनात होते.

मी करमाडला इंग्रजी शिकवतो. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) ते जालना या रस्त्यावरचे हे गाव. शहराच्या बाजूला थोड्याच अंतरावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि तिला लागून 'ऑरिक' नावाची नवी औद्योगिक नगरी उभी राहिली आहे. तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. या पंचक्रोशीतली जमीन त्या नगरीत गेली. ज्यांची होती त्यांना मोबदला मिळाला. ज्यांची कधी नव्हतीच त्यांना मोबदल्याचाही प्रश्न आला नाही. त्यांच्या मुलांना या कारखान्यांशी जोडणारा धागा एकच, नोकरीची मुलाखत. आणि मुलाखत म्हटली की इंग्रजी. म्हणून बारावी झालेला, आयटीआय झालेला, बी.ए. झालेला मुलगा मजुरीचे पैसे साठवून शहरातल्या एखाद्या वर्गाला जातो आणि महिनाभराने परत येतो तेव्हा 'मायसेल्फ' या शब्दाने सुरू होणारी दहा वाक्ये त्याला पाठ असतात. मान ताठ ठेवा, हसतमुख राहा, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला, असेही त्याला सांगितलेले असते. याला तेथे आत्मविश्वास म्हणतात.

या वर्गांचे निदान असे, की मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून तो गप्प आहे. मला हे निदानच मान्य नाही. माझ्या वर्गातला मुलगा घरी एक मराठी बोलतो, ज्यात 'का' ऐवजी 'काहून' असते. बाजारात तो दखनी हिंदी बोलतो. तांड्यावरून येणारी मुलगी घरात बंजारा बोली बोलते, मैत्रिणींशी मराठी आणि दुकानदाराशी हिंदी. तीन भाषांत घासाघीस करणाऱ्या, भांडणाऱ्या, थट्टा करणाऱ्या या मुलांना कोणी 'भाषाप्रभू' म्हणत नाही, कारण त्यांच्या भाषांना बाजारभाव नाही. आणि हीच मुले मराठीच्या तासाला गप्प असतात. हे लक्षात घेतले पाहिजे: मराठीच्या तासाला. पहिलीत 'पानी' म्हटले म्हणून वर्ग हसलेला असतो, पाचवीत 'इस्कूल' म्हटले म्हणून. 'न' आणि 'ण' यांच्यातल्या फरकावर कितीतरी पिढ्या गारद झाल्या. तोंड उघडले की जात कळते, हा धडा इंग्रजीची मुळाक्षरे भेटण्यापूर्वीच या मुलांनी पक्का केलेला असतो. महाराष्ट्र सरकारने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले तेव्हा भीती नव्हती तेथे भीती आली असे झाले नाही. जी भीती होती तिला आणखी एक तास मिळाला.

आता या संदर्भात 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट पाहा. गौरी शिंदे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी बाईवरचा तो सर्वांत गाजलेला चित्रपट असावा. शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी लाडू करून विकते. नवरा आणि मुलगी तिच्या इंग्रजीची टिंगल करतात. भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते आणि तेथे चार आठवड्यांच्या वर्गात नाव घालते. आपल्या मंडळींनी या चित्रपटाला 'बामणी दुःख' म्हणून हातावेगळे केले. तसे करणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. या चित्रपटाला दोन गोष्टी नीट कळलेल्या आहेत. पहिली अशी, की शशीची जखम व्याकरणाची नाही, ती घरच्यांच्या नजरेतून झालेली आहे. दुसरी अधिक मोलाची. तो न्यूयॉर्कचा वर्ग आठवा. मेक्सिकोची आया, पाकिस्तानी टॅक्सीवाला, फ्रेंच स्वयंपाकी, तमिळ इंजिनिअर, सगळेच चुकतात. जेथे सगळेच चुकतात तेथे चुकण्याची लाज उरत नाही. शशी तेथे बोलू लागते याचे श्रेय शिक्षकाच्या पद्धतीइतकेच, किंबहुना जास्त, त्या समान चुकण्याला आहे. शेवटी लग्नाच्या भोजनप्रसंगी नवरा तिच्या वतीने सारवासारव करू लागतो, तेव्हा ती त्याला थांबवते आणि स्वतः उभी राहते. त्यानंतरचे तिचे भाषण अडखळते, संथ आहे, आणि दिग्दर्शिकेने ते तसेच ठेवले आहे. माझ्या मते चित्रपटाचा कळस ते भाषण नाही. नवऱ्याला मध्येच थांबवणे हाच कळस आहे.

पण मर्यादाही तेथेच आहे. शशी बोलायला उभी राहते तेव्हा ऐकणारे सगळे ऐकायला बसलेले असतात. तिच्या हातात काच-पेल्याची मेजवानी आहे, अंगावर रेशमी साडी आहे, आडनाव गोडबोले आहे. (आडनावात गोड बोलणे आहे, हा योगायोग समजू.) तिला फक्त भाषा मिळवायची होती; ऐकणारे तिच्या वाट्याला जन्मतः आलेले होते. तिचा अपमान खरा आहे, मी तो नाकारत नाही. परंतु तो घरात सुरू होऊन घरात संपणारा आहे, आणि म्हणूनच तो चार आठवड्यांत मिटू शकतो. करमाडहून निघालेल्या माझ्या विद्यार्थ्याला चार आठवड्यांत व्याकरण मिळेल. ऐकणारे कोठून मिळणार?

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली, तीही इंग्रजीविषयी फार काही न बोलता. मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे आर्ची दरडावते तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या पडत होत्या. मीही ती शिट्ट्यांची लाट ऐकली आहे. पण त्या धमकीत प्रत्यक्ष इंग्रजी किती आहे? एकही वाक्य नाही. आर्चीला इंग्रजी बोलण्याची गरजच पडत नाही, कारण धमकीच्या मागे पाटलाचा वाडा उभा आहे. हेच वाक्य परश्याने म्हटले असते तर? मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराच्या तोंडी ते विनोदी तरी वाटले असते, नाहीतर त्याला मार तरी पडला असता. त्याच चित्रपटात पाटलाचा मुलगा भर वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत मारतो. त्या सरांजवळ भाषा आहे, विद्या आहे, फळ्यापुढे उभे राहण्याचा अधिकार आहे. एका फाडकन आवाजात ते सगळे संपते. लेखाच्या आरंभी मी ज्या दोन शब्दांची जवळीक सांगितली ती मंजुळे यांनी एकाच चित्रपटात मांडून ठेवली आहे.

या चित्रपटाचा उत्तरार्ध मला भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हैदराबादला पळून गेल्यावर वाड्याची धमकी निरुपयोगी होते. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात काम करते आणि तेथे तेलुगू शिकते. वर्ग नाही, पुस्तक नाही, आत्मविश्वासाचे व्याख्यान नाही. शेजारची सुमन अक्का आहे, भात शिजवायचा आहे, पगार मोजून घ्यायचा आहे. सत्ता गेली तेव्हा ती भाषा शिकली. मराठवाड्यातल्या वाचकाला हे नवीन नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती आणि कचेरीच्या उर्दूशी आपल्या आजोबांनी असाच, गरजेपुरता, मोडका आणि चालणारा व्यवहार केला होता.

मुलाखतीकडे परत येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने एका कारखान्यातल्या मुलाखतीत ती पाठ केलेली दहा वाक्ये न अडखळता म्हटली. साहेब खूश झाले. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मराठीत विचारला: मूळ आडनाव काय, वडील काय करतात, गावात घर कोणत्या बाजूला? इंग्रजीची परीक्षा इंग्रजीत आणि जातीची परीक्षा मातृभाषेत. ती मुलगी मला म्हणाली, "सर, इंग्रजीत विचारलं असतं तर उत्तर तयार होतं."

हा एका मुलीचा अनुभव म्हणून बाजूला टाकता येणार नाही. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलेला अभ्यास आला. आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत होते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वेगळ्या मार्गाने तपास केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त नावांत, काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. शिकवणीवर्ग चालवणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार करावा. दोन्ही अर्जांची भाषा इंग्रजीच होती, आणि उमेदवाराला तोंड उघडण्याची संधीही मिळालेली नव्हती. आडनावच आधी बोलले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की इंग्रजीचा नाद सोडावा. तसे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि मातृभाषेचा उमाळा ज्यांना आपली मुले इंग्रजी शाळेत घालून झाल्यावर येतो त्यांच्या रांगेत उभे राहण्याची माझी इच्छाही नाही. संविधानाच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली (१९८९) फिर्याद मराठीत होते, साक्ष मराठीत होते. आणि अपिलात तेच प्रकरण औरंगाबादच्या खंडपीठापुढे जाते तेव्हा फिर्यादीचे स्वतःचे दुःख त्याच्यासमोर त्याला न कळणाऱ्या भाषेत वाचले जाते. करमाडहून हे खंडपीठ बसने तासाभराच्या आत आहे. हे अंतर ज्याला तोडायचे आहे त्याला इंग्रजी हवीच.

प्रश्न आहे तो इंग्रजीशी नाते कोणते, हा. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने 'इंग्रजी देवी'चे मंदिर उभारायला घेतले गेले. देवीच्या एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान, डोक्यावर टोपी आणि पायाखाली संगणक. प्रशासनाने बांधकाम थांबवले. त्यापूर्वी २००६ मध्ये प्रसाद यांनी मेकॉलेचा जन्मदिवसही साजरा केला होता. या कल्पनेतला चिमटा मला कळतो. ज्यांना सरस्वतीने कधी दारात उभे केले नाही त्यांनी वेगळी देवी घडवली, हा टोला रास्तच आहे. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण पुन्हा देवी करावी हे मला पटत नाही. देवी प्रसन्न होते किंवा होत नाही. तिला जाब विचारता येत नाही. आणि मेकॉलेने १८३५ च्या टिपणात ज्यांच्यासाठी इंग्रजी मागितली तो वर्ग मूठभर वरच्यांचाच होता. तेथून विद्या खाली झिरपेल असा हिशेब होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी नेमक्या याच हिशेबावर बोट ठेवले: कर भरायचा कष्टकऱ्याने आणि उच्च शिक्षण मिळायचे वरच्यांना. मेकॉलेचा वाढदिवस साजरा करताना जोतीरावांचे हे निवेदन शेजारी ठेवायला हवे होते. त्यांच्याही आधी, १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजीला 'माऊली' म्हटले. देवीपेक्षा हे बरे. माऊलीशी भांडता येते.

बाबासाहेबांचे इंग्रजी हा आपल्याकडे भक्तीचा विषय झाला आहे. त्यांचा कोट, त्यांची ग्रंथसंपदा, गोलमेज परिषदेतला त्यांचा बाणा यांची वर्णने करून आपण मुलांना सांगतो, असे बोला. ते इंग्रजी घडले कसे हे फारसे कोणी सांगत नाही. सुभेदार रामजी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेत. पाठमाला म्हणजे मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. कंटाळवाणे काम. त्यात हसतमुख राहण्याचा धडा नाही. पण त्यातून एक गोष्ट साधते: नेमका शब्द कोणता, हे दोन भाषांच्या मध्ये उभे राहून ठरवावे लागते. पाठांतराचे गोडवे मी गाणार नाही, तर्खडकरांची कितीतरी वाक्ये आज कालबाह्य वाटतील. परंतु त्या पद्धतीत मुलाची मराठी दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागत नव्हती. आजचे वर्ग पहिल्याच दिवशी सांगतात, मराठीत विचार करणे थांबवा. ज्या भाषेत मुलाचे दुःख साठले आहे तिच्यात विचार करू नको म्हणायचे, आणि मग तो बोलत का नाही म्हणून विचारायचे!

आता पुढे पाहा. २७ जानेवारी १९१९ रोजी सत्तावीस वर्षांचे आंबेडकर साउथबरो समितीपुढे साक्ष देतात. विषय मताधिकाराचा आणि अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा. इंग्रजीत लेखी निवेदन, इंग्रजीत प्रश्नोत्तरे. आणि साधारण एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० रोजी, हाच माणूस मराठीत पाक्षिक काढतो आणि त्याचे नाव ठेवतो 'मूकनायक'. या दोन तारखा मी नेहमी शेजारी शेजारी वाचतो. समाज मुका आहे असे बाबासाहेब म्हणतात तेव्हा त्याला इंग्रजी येत नाही असे ते म्हणत नाहीत. मूकपणा मराठीतला होता. तो मराठीत फोडावा लागला, १९२७ साली महाडला फोडावा लागला. इंग्रजीत त्यांना जे मागायचे होते ते आधी ठरलेले होते. मागणे आधी आणि भाषा नंतर, हा क्रम आपल्या शिकवणीवर्गांनी उलटा केला आहे: भाषा आधी, आणि मागणे काही नाहीच, मागायची फक्त नोकरी.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले. पाली ग्रंथातला हा राजा यवन, म्हणजे ग्रीक. भिक्खू नागसेनाशी त्याचा संवाद प्रसिद्ध आहे. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो: राजा, तू पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजांसारखा करणार असशील तर नको. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मतभेद करणाऱ्याला शिक्षा होते. संपूर्ण ग्रंथात राजाच्या उच्चारांची चर्चा नाही. इंग्रजीच्या ज्या वातावरणात आपली मुले जातात तो बहुतेक ठिकाणी राजांचा वाद असतो, आणि हे न सांगता आपण त्यांना सांगतो की तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे.

आपल्या साहित्याने हा विषय अजून अंगावर घेतलेला नाही. 'बलुतं'पासून (१९७८) 'आयदान'पर्यंतच्या (२००३) आत्मकथनांनी शाळेचा उंबरठा, पाणवठा, भूक, वसतिगृह यांचे चित्रण केले. मराठीचे सोवळे तर त्यांनी कायमचे मोडून काढले. पण त्या पिढीची मुले इंग्रजी कार्यालयांत कशी बोलली, कोठे गप्प राहिली, हे मराठीत क्वचितच आले आहे. ते आले ते इंग्रजीत. याशिका दत्त यांनी 'कमिंग आऊट अ‍ॅज दलित' (२०१९) मध्ये इंग्रजी हा जात लपवण्याचा बुरखा कसा झाला आणि तो उतरवायला किती वर्षे लागली हे लिहिले. त्याच वर्षी नांदेडच्या वस्तीतून गेलेल्या सूरज एंगडे यांचे 'कास्ट मॅटर्स' आले. त्यातली इंग्रजी लपायला तयार नाही, ती दारावर लाथ मारते. एकच भाषा, एकच वर्ष, दोन उपयोग. बुरख्याची इंग्रजी वर्गात शिकवता येते, ती शिकवणारे पुष्कळ आहेत. दुसरी कशी शिकवायची याचा अभ्यासक्रम कोठेही छापलेला नाही, त्यामुळे जमेल तसे करून पाहावे लागते.

मी शनिवारी एक तास साक्षीचा ठेवला आहे. मुलाने उभे राहून एक तक्रार मांडायची, मराठीत, काहून-लई सगळ्यासह. बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. मग तेच इंग्रजीत, अडखळत, आणि चूक झाली तर हसायचे नाही, अर्थ कळला नाही तरच थांबवायचे. मागे एक मुलगा म्हणाला, "बस नॉट कम कॉलेज टाइम. गर्ल्स स्टॉप एज्युकेशन." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "हाऊ मेनी गर्ल्स?" त्याला सांगता येईना. पुढच्या शनिवारी तो वाटेवरच्या दोन-तीन वस्त्यांवर फिरून नावे लिहून घेऊन आला. यादी मराठीत आहे. तिचे इंग्रजी करायचे काम चालू आहे, आणि अर्ज आगारप्रमुखाला लिहायचा की जिल्हाधिकाऱ्यांना, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.